शनिवारवाड्याभोवतीचे शंभर मीटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शनिवारवाड्याच्या आसपास जुन्या वाड्यात राहणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमच्याकडे खिळासुद्धा ठोकायला बंदी आहे.’ हा समज चुकीचा आहे, आणि तो महागात पडतो. वेळेवर दुरुस्त होऊ शकणारा वाडा त्यापायी टेकूवर जातो.

प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून पहिले १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवी इमारत नाही, चढवलेला मजला नाही, बाजूला वाढवलेली खोलीही नाही. मात्र १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं. कसबा पेठेतल्या एखाद्या वाड्याची तुळई कुजली, माळवद गळू लागलं, भिंतीचं पोट सुटलं, तर त्यासाठी अर्ज करण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे. हा अर्ज मालकाने करायचा असतो. खरी गाठ इथे बसते. भाडेकरू वाड्यात राहतो आणि मालक दुसरीकडे. भाडं नाममात्र, वारस अनेक, वाद कोर्टात. अशा वेळी दोष कायद्याला दिला जातो, अर्ज मात्र झालेलाच नसतो.

पण वाडा एकदा कोसळला की ही वाट बंद होते. परवानगीचं कलम दुरुस्ती-नूतनीकरणापुरतंच आहे, पाडून नव्याने उभारण्यासाठी नाही. म्हणून उशीर घातक.

‘हा नियम २०१० साली लादला’ हेही अर्धसत्य. १०० आणि २०० मीटरच्या मर्यादा १९९२ च्या अधिसूचनेतल्या. २०१० च्या दुरुस्तीने त्या थेट कायद्यात आणल्या, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापलं आणि प्रतिबंधित क्षेत्रातल्या बेकायदा बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

‘तीनशे मीटरपर्यंत सगळंच बंद’ असंही नाही. विनियमित क्षेत्रात नवं बांधकाम होऊ शकतं, फक्त महापालिकेचा नकाशा मंजूर होणं पुरेसं नाही. सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगीही लागते. मोजणी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून नव्हे, संरक्षित हद्दीच्या कडेपासून, चारही दिशांना होते. जुनी दिसणारी प्रत्येक वास्तू हा नियम ओढवून आणत नाही. शेजारच्या लाल महालाची आजची वास्तू तर महापालिकेनेच १९८० च्या दशकात बांधली. शहराची वारसा यादी आणि तिच्या श्रेणी हा वेगळा विषय.

एक तक्रार मात्र रास्त आहे. माळरानावरच्या लेण्याला आणि दाट पेठेतल्या वाड्याला तेच १०० मीटर लावणं अन्यायाचं आहे. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करण्याची तरतूद कायद्यात आहे. पण उपविधींमुळे ही मर्यादा बदलत नाही. ती कमी करायची तर संसदेतच करावी लागेल, आणि पेठकरांनी आपल्या खासदाराकडे हीच मागणी लावून धरायला हवी.

तोवर वाड्याच्या मालकांना आणि भाडेकरूंना कळकळीची विनंती: पावसाळ्याआधी एकत्र बसा, वाड्याची तपासणी करून घ्या आणि दुरुस्तीचा अर्ज मालकाच्या सहीने दाखल करा.