पकड नेमकी कुणाची?

आमच्या सातारा-सांगलीकडं कबड्डी म्हटली की नाव निघतं ते चढाई करणाऱ्याचं. कासेगावचा काशिलिंग आडके घ्या, नाहीतर 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या संघातला सांगली जिल्ह्याचा नितीन मदने. दोघंही चढाईचे गडी. मी कविता लिहिणारा माणूस, कबड्डीतला जाणकार नव्हे. पण मैदानाच्या कडेला बसून चाळीस वर्षं झाली, आणि माझी नजर हळूहळू पकड करणाऱ्यांकडं वळली.

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की पारावर चर्चा रंगते. मागं अशीच दोन पोरांवरून रंगली होती. एक वाळवा तालुक्यातला, डावा कोपरारक्षक. दुसरा कराडकडचा, उजवा मध्यरक्षक. पहिल्याच्या नावावर पकडीचे गुण दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. मग तोच सरस, असं सगळ्यांचं मत.

इथंच गफलत होते. पुरुषांचं मैदान 13 मीटर बाय 10 मीटर. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यामागं एक मीटर. चढाईवाला बोनससाठी पाय लांबवतो तो बहुधा कोपऱ्याजवळ. कोपरारक्षक झेप घेऊन घोटा धरतो. पण नुसता घोटा धरून गडी थांबत नाही, तो ओढत मध्यरेषेकडं निघतो. त्या क्षणी मध्यरक्षकानं अंगावर जाऊन वाट बंद केली नाही तर घोटा सुटतो आणि उलट गुण जातो. पकड मात्र साधारणपणे पहिला हात घालणाऱ्याच्या नावावर लिहिली जाते. मुशायऱ्यात दाद दुसऱ्या ओळीला मिळते, पण ती उभी असते पहिल्या ओळीवर. तसंच हे, फक्त क्रम उलटा.

म्हणून कोपऱ्याची जोडी बघावी, मधली साखळी बघावी. 2015 साली यू मुम्बा जिंकली तेव्हा डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा होता, उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर. पुढं दोघं बंगळुरूकडं गेले, मग हरियाणाकडं, तेही जोडीनंच. बोली एकेकट्याची होते, पण घेणाऱ्याला कळत होतं की किंमत दोघांच्या मेळाची आहे.

आणखी एक गोष्ट गुणतक्त्यात दिसत नाही, ती म्हणजे न केलेली पकड. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईवाला बाद. म्हणजे पहिल्या दोन चढायांत रक्षकानं पाय मागं ठेवून गप्प राहणं हेसुद्धा कामच. तरुण पोरांना हे जमत नाही, टाळ्यांसाठी ती आधीच अंगावर जातात. वाळव्याच्या पोरात हीच घाई होती. कराडचं पोर थांबत होतं.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये नव्या मुलांचा लिलाव नसतो, निवड असते, आणि आधल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिला मान. तिथंही चेंडूवाल्याला वाचवायला पुढं पाच दांडगे गडी उभे असतात. त्यांच्या नावावर गुण जवळपास लागतच नाहीत. मग निवडणारी माणसं अख्खे सामने पुन्हापुन्हा बघतात.

आपल्याकडंही रक्षकांची किंमत वाढली आहे. 2018 साली इराणचा फझल अत्राचली एक कोटीला गेला, 2023 साली पुण्यानं मोहम्मदरेझा शादलूई याच्यासाठी 2 कोटी 35 लाख मोजले. दोघंही डाव्या कोपऱ्यातले! मध्यरक्षकाच्या वाट्याला एवढी बोली क्वचितच येते. आमच्या पोरांची धाव तर शेवटच्या गटापर्यंत. 2024 च्या लिलावात त्या गटाची पायाभूत किंमत 9 लाख होती. जिरायती शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम म्हणजे कर्ज फिटून वर घराला स्लॅब.

कराडच्या पोरानं संघांना पाठवायची चित्रफीत मला मोबाइलवर दाखवली. थोरल्या भावानं कापून केलेली, फक्त त्याच्या नावावरच्या पकडी. दीड मिनिटात संपली. मी म्हटलं, ‘‘बाळा, पुढच्या सामन्याची पहिली वीस मिनिटं अख्खी ठेव. मधलं काही कापू नको म्हणावं भावाला.’’