म्हाताऱ्या माशाची कंबर

रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या माणसाला पन्नाशीत विचारा, तो कंबरेवर हात ठेवून सांगेल, “मणक्यात गॅप आलाय भो.” त्यात नवल काही नाही. नवल हे की, ज्यानं जन्मात कधी ओझं उचललं नाही, पाण्यात नुसता मजेत हिंडला, त्या बोटभर माशाचीही म्हातारपणी तीच गत होते. त्याच्याही मणक्यांमधल्या गाद्या झिजतात. आता माशाच्या पाठीत डोकावायला गेलं कोण म्हणाल, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतली चिन्मय पात्रा यांची मंडळी. ती गोष्ट मोठी गमतीची आहे, पण तिच्याआधी माशाची ओळख झाली पाहिजे, म्हणून जरा सरकून बसा.

हा झेब्राफिश. अंगावर निळसर पट्टे, मूळचा आपल्याच देशातल्या ओढ्या-नाल्यांचा आणि भातखाचरांचा. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या गोऱ्या डॉक्टरनं १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात याची नोंद केली, पुढं हा शोभेचा मासा म्हणून परदेशी गेला, अमेरिकेत जॉर्ज स्ट्राइसिंगर या शास्त्रज्ञानं त्याला प्रयोगशाळेत बसवलं, आणि आता साहेब होऊन पुण्या-मुंबईला परत आलाय. थाट तर बघा: १४ तास उजेड, १० तास अंधार, पाणी मोजूनमापून गरम. सकाळी दिवे लागले की मादी दोनशे-तीनशे अंडी टाकून मोकळी! अंडं जेमतेम पाऊण मिलिमीटरचं, पण आरपार दिसणारं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर दुसऱ्याच दिवशी आत इवलंसं काळीज ठकठक करताना दिसतं.

आणि माणसाची शंभर जनुकं घेतली, तर त्यातल्या सत्तरेकांचा जोडीदार या माशात सापडतो. म्हणून एखादं जनुक आपल्या अंगात काय काम करतं हे कळायला शास्त्रज्ञ ते माशात मोडतात आणि काय बिघडतं ते पाहत बसतात.

मोडायचं कसं? त्याची आताची युक्ती क्रिस्पर. ती मुळात जीवाणूंची, त्यांच्यावर चालून येणाऱ्या विषाणूंना तोडायची. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि एमान्युएल शार्पान्तिए यांनी ती हाताळून दाखवली, २०२० मध्ये नोबेल घेतलं. गट नंबर सांगितल्याशिवाय तलाठी तुमचं शेत दाखवतो का? तसा आरएनएचा एक बारीक तुकडा गट नंबर घेऊन जातो आणि कॅस-९ नावाचं प्रथिन नेमकं त्याच ठिकाणी डीएनए कापतं. पेशी घाईघाईनं सांधायला जाते, त्यात दोन-चार अक्षरं गळतात किंवा जास्तीची घुसतात, आणि जनुक वाचताच येईनासं होतं. हे सगळं काचेच्या सुईनं अंड्यात सोडायचं, तेही पहिल्या पाऊण तासात, एकाच्या दोन पेशी व्हायच्या आत. उशीर झाला की मासा अर्धामुर्धा बदलतो. रंगाचं जनुक कापलं असेल तर एकाच डोळ्यात काळे आणि पांढरे ठिपके! मग पुढची पिढी येईपर्यंत थांबायचं.

आता पुण्याकडे वळू. जनुकं कापायच्या रीती तशा आणखीही आहेत, पण इथं महत्त्वाचं ते जनुक. त्याचं नाव सीसीएन-२-ए. मणक्यातल्या गादीच्या पेशी त्याच्या हुकमानं एक प्रथिन बाहेर सोडतात. ते जनुक निकामी असलेल्या माशांच्या गाद्या नीट टिकत नाहीत. उलट म्हाताऱ्या, झिजलेल्या गादीत हेच प्रथिन वाढवलं, तर पेशी मरायच्या थांबतात, नव्या वाढतात, आणि गादी पुन्हा भरू लागते. हे पात्रा यांच्या मंडळींनी २०२३ साली छापलं. शास्त्रज्ञाची सोय म्हणजे हा मासा दोन-तीन वर्षांतच म्हातारा होतो, नाहीतर गादी झिजेपर्यंत वाट पाहता पाहता बघणाऱ्याचीच पाठ वाकायची.

माणसाला द्यायचं औषध अजून बरंच लांब आहे. तरी हे सांगितलं की कोणीतरी विचारतंच, “मग हा मासा तळून खाल्ला तर कंबर सुधारेल का?” नाही हो. प्रथिन पोटात गेलं की तुरीच्या डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं, मणक्यापर्यंत कशाला पोचतंय! आणि मासा एवढासा, त्याच्यानं दाताची फटसुद्धा भरायची नाही.