रंगीत लेन्स : हौस, उपचार आणि गैरसमज

गिल्ली-डंडा खेळताना गिल्ली डोळ्यावर बसते, ऊस तोडताना पात डोळ्यात लागते, दिवाळीत फटाका तोंडासमोरच उडतो. डोळा वाचतो, पण बुबुळावर पांढरं फूल राहून जातं. उत्तर प्रदेशातल्या गावागावांतून असे रुग्ण लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाची, म्हणजे केजीएमयूची, वाट धरतात. त्याच लखनौत लग्नसराई सुरू झाली की नवरीच्या मेकअपमध्ये करड्या किंवा मधाळ रंगाच्या डोळ्यांची फर्माईश होते. दोन्हीकडे वस्तू तीच, रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स. एकीकडे ती उपचार म्हणून येते, दुसरीकडे हौस म्हणून. डोळ्याला मात्र हा फरक कळत नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज १ : ‘लेन्स बसवली’ म्हणजे ऑपरेशन झालं, किंवा डोळाच नवा बसवला.

वस्तुस्थिती : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत बसवतात ती लेन्स वेगळी; ती कायम आत राहते. उपचारासाठीची रंगीत लेन्स, म्हणजे प्रोस्थेटिक कॉन्टॅक्ट लेन्स, पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, अश्रूंच्या थरावर तरंगते. सकाळी लावायची, रात्री काढायची. बहुधा ती मऊ असते, व्यास साधारण 14 मिलिमीटर, आणि तिच्यावर परितारिकेचं, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत वर्तुळाचं, चित्र असतं. डोळा आक्रसून लहान झाला असेल तर एवढी पातळ लेन्स पुरत नाही. अशा डोळ्यावर ॲक्रिलिकचं कवच बसवतात. डोळा काढावाच लागला असेल, तर खोबणीत कृत्रिम डोळा येतो. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे खर्चही वेगळे.

गैरसमज २ : लेन्स लावली की त्या डोळ्यानं दिसू लागेल.

वस्तुस्थिती : दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, किंवा डोळ्याची नस निकामी झाली असेल, तर वरून दिलेला रंग दृष्टी परत आणत नाही. म्हणून या लेन्स दोन तऱ्हेच्या करतात. डोळ्यात थोडी नजर शिल्लक असेल तर मधली बाहुली पारदर्शक ठेवतात आणि गरजेप्रमाणे नंबरही घालतात. नजर गेलेलीच असेल तर बाहुली काळी रंगवतात.

काळ्या बाहुलीचा आणखी एक उपयोग फारसा कुणाला ठाऊक नसतो. क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याला 1961 मध्ये इंग्लंडमधल्या होव्ह इथे मोटार अपघातात इजा झाली. त्यानंतर त्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालून ते एमसीसीविरुद्ध हैदराबादला खेळले, तेव्हा त्यांना सहा-सात इंचांच्या अंतरावर दोन चेंडू दिसत होते. आतला चेंडू खरा मानून ते खेळत राहिले. चहापानाला त्यांनी लेन्स काढली, तो डोळा मिटून घेतला आणि 70 धावांपर्यंत मजल मारली. अधू डोळ्यातली अर्धवट प्रतिमा चांगल्या डोळ्याला असा त्रास देते. पापणी मिटून त्यांनी जे साधलं, तेच काम काळ्या बाहुलीची लेन्स डोळा उघडा ठेवून करते, आणि दोन-दोन दिसणं थांबतं.

गैरसमज ३ : म्हणजे दृष्टी नसेल तर ही निव्वळ दिखाऊ वस्तू.

वस्तुस्थिती : काहींना जन्मतःच परितारिका नसते, काहींची अपघातात फाटते. खिडकी आहे पण पडदा नाही, अशी त्या डोळ्याची गत होते. दुपारच्या उन्हात उभंही राहवत नाही. रंगीत वर्तुळ आणि मध्ये छोटीशी पारदर्शक जागा असलेली लेन्स त्या डोळ्याला पडदा देते. वर्णहीनता म्हणजे अल्बिनिझम असलेल्यांनाही प्रखर प्रकाशाचा त्रास तिच्यामुळे कमी होऊ शकतो. आळशी डोळ्याच्या उपचारात, मूल पट्टी लावूनच घेत नसेल, तर चांगला डोळा काही काळ झाकण्यासाठीही अशी लेन्स वापरतात.

आणि दिसण्याचा प्रश्न तरी लहान कुठे आहे? स्थळ पाहायला आलेले पाहुणे आणि मुलाखत घेणारे साहेब फुलाकडेच टक लावून बघतात, हे ज्याला सोसावं लागतं त्यालाच विचारावं. मात्र लेन्समुळे डोळा सारखा दिसला तरी कागदोपत्री काही बदलत नाही. एक डोळा पूर्ण निकामी आणि दुसरा चांगला असेल, तर सरकारी निकषांप्रमाणे अपंगत्व 30 टक्के धरतात, लेन्स असो वा नसो.

गैरसमज ४ : दुकानातली तपकिरी लेन्स घेतली की फूल झाकलं जाईल.

वस्तुस्थिती : हौसेच्या बऱ्याच लेन्सवर रंगाचे बारीक ठिपके किंवा पातळ छटा असते. त्यातून पांढरं फूल करडं होऊन डोकावतं. प्रोस्थेटिक लेन्समध्ये रंगाच्या मागे अपारदर्शक काळा थर देतात. चांगल्या डोळ्याचा फोटो घेऊन रंग, परितारिकेची कडा आणि बाहुलीचा आकार जुळवतात. काही लेन्स हातानं रंगवतात, काही छापतात. जुळणी दिवसाच्या उजेडातही पाहावी लागते, कारण दिव्याखाली जुळलेला रंग बाहेर पडल्यावर फसवू शकतो. खऱ्या डोळ्याची बाहुली उजेडात लहान आणि अंधारात मोठी होते, रंगवलेली मात्र आहे तेवढीच राहते. त्यामुळे शंभर टक्के जुळणीचं आश्वासन कुणी देत असेल तर सावध व्हावं.

गैरसमज ५ : नंबर नाही, एका दिवसाची हौस आहे, मग तपासणी कशाला?

वस्तुस्थिती : शून्य नंबरची लेन्सही पारपटलावरच बसते आणि त्याला हवेतून मिळणारा प्राणवायू अडवते. वक्रता जुळली नाही तर घासते. त्या बारीक जखमेतून स्यूडोमोनास हा जिवाणू शिरला, तर एक-दोन दिवसांत पारपटलात व्रण होऊ शकतो. नळाच्या पाण्यातून येणारा अकांथअमीबा महिनोन्‌महिने छळतो. म्हणजे फूल झाकायला एक जण जी वस्तू वापरतो, तिच्याच चुकीच्या वापरानं दुसऱ्याच्या धडधाकट डोळ्यात फूल पडू शकतं. अमेरिकेनं 2005 मध्ये कायदा करून हौसेच्या लेन्सही वैद्यकीय उपकरण ठरवल्या. भारतातही 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत.

मैत्रिणीची लेन्स उसनी घेऊ नये. लेन्स आधी लावावी, काजळ नंतर. मेकअप उतरवण्याआधी लेन्स काढावी. ती घालून झोपू नये, पोहू नये, होळी खेळू नये.

गैरसमज ६ : ही लेन्स कुणालाही चालते.

वस्तुस्थिती : ॲसिड डोळ्यात गेलं तर केवळ पारपटल पांढरं पडून भागत नाही. त्याच्या कडेच्या मूळपेशी मरतात, अश्रूंचा थर बिघडतो, पापणी आतून डोळ्याला चिकटते किंवा मिटेनाशी होते. अशा कोरड्या डोळ्यावर मऊ रंगीत लेन्स नवी जखम करू शकते. आधी पापणी आणि डोळ्याचा पृष्ठभाग सावरावा लागतो. नंतर काहींना स्क्लेरल लेन्स चालते: ती मोठी आणि कडक असते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि तिच्या पोकळीत सलाइन भरलेलं असतं.

गैरसमज ७ : लेन्स आहे ना, मग शस्त्रक्रियेचा विचार नको.

वस्तुस्थिती : उलट आहे. फुलामागचं दृष्टिपटल आणि नस शाबूत असेल, तर पारपटलाच्या रोपणानं नजर परत येऊ शकते. तिथे नुसतं झाकून ठेवणं म्हणजे संधी घालवणं. त्यासाठी नेत्रदान हवं, आणि मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीनं डोळे घ्यायला हवेत. नस गेलेली असेल तर रोपणाचा उपयोग नाही. तिथे लेन्स हाच शहाणपणाचा मार्ग.

म्हणून रंग निवडण्याआधी नेत्रतज्ज्ञांना तीन प्रश्न विचारावेत: या डोळ्यात नजर किती आहे, ती वाढवता येईल का, आणि डोळ्याचा पृष्ठभाग लेन्स सोसेल का? लेन्स मिळाल्यावर ठरलेल्या वेळी तपासणीला जावं आणि मुदत संपली की ती बदलावी. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढावी, पण फेकू नये. डबीसकट ती डॉक्टरांकडे न्यावी, म्हणजे संसर्ग कोणत्या जंतूचा आहे ते तिच्यावरूनही तपासता येतं.