खोंड विकला साडेसात कोटीला, पण पैसा गेला कुठं? अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या पशुप्रदर्शनाची गोष्ट

जत्रेत एखादी खिलार जोडी लाखात गेली की चार दिवस गावात तोच विषय असतो. कुणी म्हणतं मालकाचं नशीब फळफळलं, कुणी म्हणतं घेणाऱ्याला पैसा जास्त झालाय. आता हा आकडा बघा. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात २०२२ साली एका शाळकरी पोरानं वाढवलेला खोंड लिलावात १० लाख डॉलरला गेला. तेव्हाच्या भावानं साडेसात कोटी रुपयांच्या आसपास.

त्याच प्रदर्शनात १९३२ साली पहिल्या नंबरच्या खोंडाला ५०४ डॉलर मिळाले होते. मधल्या ९० वर्षांत असं काय घडलं? आणि साडेसात कोटी खरंच त्या पोराच्या खिशात गेले का? नाही गेले. ते कसं, हेच समजून घेऊ.

रोडिओ म्हणजे काय?

या कार्यक्रमाचं नाव आहे ह्यूस्टन लाइव्हस्टॉक शो अँड रोडिओ. लाइव्हस्टॉक शो म्हणजे पशुप्रदर्शन. रोडिओ म्हणजे गुराख्यांचे खेळ. उधळणाऱ्या घोड्यावर किंवा वळूवर एका हातानं धरून ८ सेकंद टिकायचं, घोड्यावरून फास टाकून वासरू पकडायचं, पिंपांना वळसे घालत घोडा पळवायचा, असे ते प्रकार. हे खेळ कुणी स्टेडियमसाठी शोधून काढलेले नाहीत. मोकळ्या रानात हजारो गुरं सांभाळताना जे काम रोज करावं लागायचं, त्याचीच पुढं स्पर्धा झाली. मेक्सिकोचे गुराखी यात आधीपासून होते. त्यांच्याकडून ही विद्या टेक्सासकडं आली. बैलगाडा शर्यत जशी शेतीच्या बैलातनं आली, तसंच हे.

सुरुवात पडत्या काळात

१९३१ साल. अमेरिकेत मंदी होती, शेतमालाचे आणि गुरांचे भाव कोसळले होते. त्या वर्षी ह्यूस्टनमधल्या एका हॉटेलात सात माणसं जेवायला एकत्र बसली. टेक्सासची गुरं सुधारली पाहिजेत, चांगली जनावरं लोकांसमोर आली पाहिजेत, त्यासाठी प्रदर्शन भरवू, असं तिथं ठरलं. जनावरांच्या बाजाराशी संबंध असलेले जे. डब्ल्यू. सार्टवेल पहिले अध्यक्ष झाले. १९३२ च्या वसंतात सॅम ह्यूस्टन हॉल नावाच्या लाकडी सभागृहात पहिलं प्रदर्शन भरलं. नाव होतं 'ह्यूस्टन फॅट स्टॉक शो', म्हणजे पोसलेल्या जनावरांचं प्रदर्शन. बघायला आलेली माणसं सुमारे २ हजार. आपल्या एखाद्या गावच्या जत्रेलाही यापेक्षा जास्त गर्दी असते.

गर्दी कशी वाढली?

नुसती जनावरं बघायला शहरातला माणूस येत नाही, हे आयोजकांच्या लवकर लक्षात आलं. १९३७ साली जागेअभावी प्रदर्शन भरलंच नाही. १९३८ ला नव्या इमारतीत गेल्यावर त्यांनी प्रदर्शनाला रोडिओ जोडला, मिरवणूक जोडली, पाळणे आणले. १९४२ साली जीन ऑट्री या सिनेमातल्या गाणाऱ्या काउबॉयला बोलावलं. तिथून मोठे कलाकार आणायची प्रथा पडली. पुढं एल्विस प्रेस्लीही तिथं गाऊन गेला.

१९५२ साली आणखी एक गोष्ट सुरू झाली. काही जण ब्रेनम गावाहून घोड्यांवर आणि घोडागाड्यांतून शंभराहून जास्त किलोमीटर चालत ह्यूस्टनला आले. आज वेगवेगळ्या दिशांनी असे अनेक जत्थे निघतात. वाटेत मुक्काम, रात्री जेवणावळी, पुन्हा सकाळी कूच. आषाढीला गावोगावच्या दिंड्या पंढरीची वाट धरतात, ते डोळ्यासमोर आणा म्हणजे कल्पना येईल. देवाचं निमित्त नाही एवढाच फरक.

१९६१ साली सध्याचं नाव मिळालं. १९६६ ला कार्यक्रम अ‍ॅस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या प्रचंड स्टेडियममध्ये गेला. २००३ पासून त्याच्या शेजारच्या नव्या स्टेडियममध्ये होतो. आता मार्च महिन्यात सुमारे २० दिवस चालतो आणि अलीकडच्या वर्षांत येणाऱ्यांचा आकडा २५ लाखांच्या आसपास गेलाय.

काम करतं कोण?

मालक कुणी नाही. ही ना-नफा संस्था आहे. उरलेला पैसा कुणी वाटून घेऊ शकत नाही, तो ठरलेल्या कामालाच लावावा लागतो. पगारी कर्मचारी आहेत, पण खरा भार ३५ हजारांहून जास्त स्वयंसेवकांवर आहे. त्यांच्या शंभरावर समित्या आहेत. कुणी गाड्या लावायचं बघतं, कुणी गोठे, कुणी लिलाव, कुणी लहान मुलांचा विभाग. यात गंमत अशी की काम करायचं फुकट आणि वर वर्गणीही स्वयंसेवकानंच भरायची. आपल्याकडं वर्गणी मागायला कार्यकर्ता दारात येतो, तिथं कार्यकर्ता आधी आपली वर्गणी टाकतो.

पोरं जनावर कसं तयार करतात?

या सगळ्या डामडौलाच्या मुळाशी आहेत खेड्यातली शाळकरी मुलं. अमेरिकेत दोन संघटना मुलांना शेती आणि पशुपालन शिकवतात. एक ४-एच, जिची सुरुवात १९०२ च्या सुमारास झाली. दुसरी १९२८ ला सुरू झालेली एफएफए, जी शाळेतल्या शेती विषयाशी जोडलेली आहे. तिसरीतल्या लेकरापासून बारावीच्या पोरापर्यंत मुलं यातून प्रदर्शनात उतरतात.

मूल खोंड, मेंढरू, बोकड, डुक्कर किंवा कोंबड्या निवडतं. खोंड असेल तर साधारण वर्षभर सांभाळावा लागतो. पहाटे उठून खुराक, धुणं, केस विंचरणं, दाव्यानं चालायला शिकवणं, वजन घेणं. यासोबत एक वही असते. जनावर केवढ्याला घेतलं, चारा-पेंडीला किती गेले, औषधाला किती, वजन किती वाढलं, हे सगळं त्यात लिहायचं. शेतीचा शिक्षक किंवा विस्तार अधिकारी लक्ष ठेवतो.

ज्याच्या घरी जनावर घ्यायची ऐपत नाही, त्याच्यासाठी १९४२ पासून एक खेळ आहे. मैदानात वासरं सोडतात आणि मुलं त्यांच्यामागं पळतात. मुलं जास्त, वासरं जवळपास निम्मी. ज्यानं वासरू पकडून, दावं घालून रेषेपार नेलं, त्याला जनावर घ्यायला पैशाचं प्रमाणपत्र मिळतं. पण खेळ तिथं संपत नाही. ज्या देणगीदारानं पैसे दिले त्याला जनावराची खबर पत्रानं कळवत राहायचं आणि पुढच्या वर्षी ते जनावर प्रदर्शनात आणायचं. दिलेल्या पैशाचा हिशोब द्यायचा असतो, हे पोराला वासराच्या दाव्याबरोबरच शिकवतात.

लिलावाचा पैसा कुठं जातो?

आता मूळ प्रश्न. बाजारभावानं खोंडाची किंमत काही हजार डॉलरच्या पुढं जात नाही. मग १० लाख कोण देतं? कंपन्या, व्यापारी आणि देणगीदारांचे गट. त्यांना मांस नको असतं. ही देणगी असते, आणि नाव होतं ते वेगळं.

विजेत्या मुलाला किती द्यायचं याची मर्यादा आधी ठरलेली असते. ती रक्कम चांगली मोठी असते, त्यात त्याचं कॉलेज होऊ शकतं. मर्यादेच्या वरचा पैसा शिक्षणाच्या निधीत जातो. म्हणजे ज्या पोराचा नंबर आला नाही, ज्यानं कधी खोंड पाळलाही नाही, त्याच्याही शिक्षणाला तो पैसा लागतो. १९५७ साली पहिली मोठी शिष्यवृत्ती दिली ती २ हजार डॉलरची. नंतर एका विद्यार्थ्याला चार वर्षांसाठी २० हजार डॉलरपर्यंतच्या शिष्यवृत्त्या शेकड्यांनी दिल्या जाऊ लागल्या. १९३२ पासून टेक्सासच्या मुलांसाठी आणि शिक्षणासाठी ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम दिल्याचं संस्था सांगते.

तिकीट, पाळणे, गाणी यांची कमाईही याच कामाला हातभार लावते. गाणं ऐकायला आलेल्या शहरी माणसाला माहीतही नसेल, पण त्याच्या तिकिटातनं कुठल्यातरी शेतकऱ्याच्या पोरीची फी भरली जाते.

दुसरी बाजूही बघू

सगळं गोड नाही. लिलावाला जाणारी जनावरं मांसासाठीच वाढवलेली असतात. वर्षभर जिला नावानं हाक मारली, अंगाला हात लावून धुतलं, ती लिलावानंतर गाडीत चढते. पोरं दावं सोडताना रडतात. तिथले आई-बाप म्हणतात, पशुपालन हा धंदा आहे हे मुलाला कळलं पाहिजे. ज्यांनी जुना बैल बाजारात सोडून रिकामा कासरा घरी आणलाय, त्यांना त्या पोराचं मन वेगळं सांगायला नको.

पैसा मोठा झाला तशी लबाडीही आली. १९९४ साली डेन्व्हरच्या प्रदर्शनातल्या विजेत्या खोंडाच्या तपासणीत क्लेनब्युटेरॉल सापडलं आणि मोठा गाजावाजा झाला. हे दम्याचं औषध आहे, जनावराचं मांस भरायला काही लोक ते चोरून देतात. असं मांस खाणाऱ्यालाही बाधतं. त्यानंतर अमेरिकेतल्या प्रदर्शनांत तपासण्या कडक झाल्या. टेक्सासमध्ये मोठ्या प्रदर्शनासाठी खोंडाच्या कानात आधीच बिल्ला मारतात आणि केसांचा नमुना ठेवतात, म्हणजे ऐनवेळी जनावर बदलता येऊ नये.

रोडिओवर प्राणीप्रेमी संघटनांचा आक्षेप आहेच. पळत्या वासराला फास टाकून पाडण्यावर त्यांचा विशेष राग. आयोजक म्हणतात, पशुवैद्य हजर असतो, नियम आहेत. हा वाद तिथं अजून मिटलेला नाही.

२०२० साली कोरोनामुळं ११ मार्चला कार्यक्रम अर्ध्यात बंद करावा लागला. २०२१ ला रोडिओ, गाणी, पाळणे सगळं रद्द. पण मुलांच्या जनावरांचं प्रदर्शन मात्र बाहेरची गर्दी न घेता उरकलं. कारण पोरांनी जनावरं तयार करून ठेवली होती. वेळ आल्यावर काय सोडायचं आणि काय राखायचं, यावरून कुठल्याही मंडळाची पारख होते.

आपण यातनं काय घ्यायचं?

जसंच्या तसं काही घेता येणार नाही. आपल्या राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळं मांसाच्या लिलावाचा प्रश्नच नाही. आपली नाळ वेगळी आहे. बैल आपल्याकडं पोळ्याला पुरणपोळी खातो.

पण बैलगाडा शर्यतीचं उदाहरण ताजं आहे. २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं शर्यती थांबल्या, २०१७ ला राज्यानं कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टानं परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, नियम पाळून शर्यती होतात. गर्दी परत आलीय, बक्षिसंही वाढलीत. दुचाकी, ट्रॅक्टर, चारचाकी. पण शर्यत संपल्यावर गावाच्या शाळेला, गोठ्यात राबणाऱ्या पोराला काय उरतं?

आपल्या जत्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात एक गट फक्त शाळेतल्या मुलांचा ठेवता येईल. कालवड, शेळी, कोंबडी, काहीही चालेल. नंबर देताना जनावराच्या रूपाबरोबर मुलाची खर्चाची वही तपासायची. पहिल्या बक्षिसाला मर्यादा घालायची आणि उरलेल्या वर्गणीतनं दोन मुलांची वर्षाची फी भरायची. हिशोबाचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा. याला स्टेडियम लागत नाही आणि डॉलरही लागत नाहीत.

ह्यूस्टनवाल्यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडं लाकडी सभागृह आणि २ हजार माणसं होती. एवढं तर आपल्या कुठल्याही यात्रा कमिटीकडं आजच आहे.