रात्रपाळीचा तपासनीस

बुऱ्हाणपूरच्या साध्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. हा धागा, म्हणजे बाणा, आला नाही हे एक छोटा काटा हेरतो आणि माग बंद पाडतो. उभी तार तुटली तर मात्र मागाला पत्ता नसतो. कारागिराची नजर जाईपर्यंत धोटा पळत राहतो आणि कापडातली रेघ लांबत जाते. दोष सुताचा, सायझिंगचा की बीम भरणाऱ्याचा, हा वाद मागाहून होतो. तोवर कापड विणून झालेलं असतं.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही बरीच वर्षं हीच गत होती. एकाचा कोड दुसऱ्याच्या कोडवर टेकलेला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, आणि मधली तार तुटली तरी ज्याचं त्याचं काम सुरूच. या तारांवर पहारा ठेवण्यासाठी अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये नव्या शतकाच्या सुरुवातीला एक यंत्रणा उभी राहिली. तिचं नाव गम्प.

त्या काळी जावा भाषेतले मुक्त प्रकल्प भराभर वाढत होते. टॉमकॅट हा वेब सर्व्हर बांधता यावा म्हणून जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेलं अँट हे साधन 2000 साली स्वतंत्रपणे बाहेर पडलं आणि बघता बघता बहुतेकांच्या हाती आलं. प्रोग्रामरने लिहिलेल्या शेकडो फायली संगणकाच्या भाषेत उतरवायच्या, चाचण्या चालवायच्या आणि सगळं एका गाठोड्यात बांधायचं, हे काम अशी साधनं करतात. प्रत्येक प्रकल्प आपापल्या घरी बांधला जात होता, चाचण्याही पास होत होत्या. पण आजचं अँट आणि लॉगफोरजे, झर्सिस यांसारखी आजची ग्रंथालयं, म्हणजे इतरांनी वापरायचे तयार कोडचे संच, एकत्र आणली तर ती एकमेकांशी जमवून घेतात का, हे पाहणारं कुणी नव्हतं. आयबीएममध्ये काम करणाऱ्या सॅम रुबी यांनी ते काम संगणकाकडे सोपवलं. पुढे गम्प पायथॉन भाषेत नव्याने लिहिला गेला आणि फेब्रुवारी 2004 मध्ये त्याला अपाचीत स्वतंत्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

त्याची कामाची पद्धत सांगायला सोपी, पण अमलात आणायला किचकट. प्रत्येक प्रकल्पाची एक छोटी नोंद असे: कोड कुठून आणायचा, कोणत्या साधनाने बांधायचा, तो कुणाकुणावर अवलंबून आहे आणि बिघडलं तर मेल कुणाला पाठवायचा. रात्री गम्प सगळ्यांचा ताजा कोड उतरवून घेई. प्रसिद्ध झालेली आवृत्ती नव्हे, तर लेखकाने तासाभरापूर्वी जमा केलेला असेल तर तोही. मग कोण कुणावर टेकलंय ते पाहून क्रम लावी. सुरुवातीलाच अँट स्वतः बांधला जाई आणि त्या कोऱ्या अँटने पुढचे प्रकल्प बांधले जात. त्यामुळे अँटच्या लेखकांनी दिवसा केलेला बदल रात्री शेकडो परक्या प्रकल्पांवर घासून निघे. एवढी चाचणी त्यांना स्वतःला लिहिणं शक्यच नव्हतं.

खरी मेख पुढे होती. प्रत्येक प्रकल्प आपल्याला हव्या त्या जुन्या आवृत्त्या सोबत बाळगून असतो. त्याला तसंच बांधलं तर तो जुन्यालाच चिकटणार आणि जोडाची परीक्षा होणारच नाही. त्यावर अँटमध्येच एक कळ आहे, ‘बिल्ड.सिसक्लासपाथ’. तिची किंमत ‘ओन्ली’ ठेवली की प्रकल्पाने स्वतः सांगितलेल्या गाठोड्यांच्या जागा अँट सरळ दुर्लक्षतो आणि बाहेरून दिलेल्याच वापरतो. गम्प तिथे त्याच रात्री बांधलेली ताजी गाठोडी पुढे करी. प्रकल्पाला ती वापरण्यावाचून गत्यंतर नसे.

एखादा प्रकल्प कोसळला की त्याच्यावर टेकलेल्यांना गम्प नापास म्हणत नसे. ‘ज्यावर अवलंबून, तेच तयार नाही’ असा वेगळा शेरा त्यांना मिळे. यशापयशाच्या नोंदीवरून प्रत्येकाचा ‘फॉग’ हा गुणांकही निघे. गम्पशी तुमची मैत्री कितपत, हे तो सांगे. आणि मग मेल जाई. हा मेल यंत्राने पाठवला आहे, पण न मागता आलेला नाही, असं त्यात आधीच बजावलेलं असे.

पेच सुरू होई तो या मेलनंतर. समजा, एका ग्रंथालयाच्या लेखकाने जुनी, नकोशी झालेली पद्धत काढून टाकली. त्याच्या चाचण्या हिरव्या. मोडला तो तिच्यावर टेकलेला दुसराच प्रकल्प आणि मेलही गेला तो त्याच्याच घरी. त्याने तर कालपासून एक ओळही बदललेली नाही. आता कुणी नमतं घ्यायचं? पहिल्याने जुनी पद्धत परत आणायची, की दुसऱ्याने आपला कोड बदलायचा? गम्प फक्त भांडण वेळेवर लावून देई. मिटवायचं माणसांनाच होतं. म्हणूनच प्रकल्पांच्या त्या छोट्या नोंदी दुरुस्त करण्याची मुभा अपाचीच्या सगळ्या कमिटरांना, म्हणजे कोड जमा करण्याचा हक्क असलेल्यांना, होती.

भाषाच बदलली तर काय होतं, याचं उदाहरण 2004 सालच्या जावा 5 मध्ये आहे. त्यात ‘एनम’ हा भाषेचा राखीव शब्द झाला. तोवर कितीतरी प्रोग्रामर तो बिनदिक्कत चलाचं नाव म्हणून वापरत होते. कॉमन्स लँग या लोकप्रिय ग्रंथालयात तर एका अख्ख्या विभागाचं नावच ते होतं. 2005 च्या 2.1 आवृत्तीत त्या विभागाला ‘एनम्स’ अशा नावाचा पर्याय द्यावा लागला. कुणाचंही तर्कशास्त्र चुकलं नव्हतं, पायाखालची फरशी तेवढी बदलली होती.

पुढे मेवन हे बांधणीचं दुसरं साधन आलं आणि जगाने वेगळी वाट धरली. मध्यवर्ती भांडारातली ठरावीक क्रमांकाची आवृत्ती घ्यायची आणि तिच्यावरच ठाम राहायचं. यात रात्री काही मोडत नाही, झोप शांत लागते. पण बदलाशी जुळवून घेण्याचं काम टळत नाही, थकबाकीसारखं साचत जातं. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजेत गंभीर भगदाड सापडलं, तेव्हा जगभरच्या कंपन्यांची पहिली धावपळ होती ती आपल्या सॉफ्टवेअरच्या पोटात हे ग्रंथालय नेमकं कुठे आणि किती जुनं आहे, हे शोधण्याची. आवृत्त्या गोठवून ठेवणाऱ्यांना एका आठवड्यात कित्येक वर्षांच्या उड्या माराव्या लागल्या.

गम्पची कल्पना मात्र इतरत्र रुजली. रस्ट भाषेचे लोक नवा कंपायलर, म्हणजे कोड संगणकाच्या भाषेत उतरवणारं साधन, बाहेर काढण्याआधी ‘क्रेटर’ वापरून तो जगाने लिहिलेल्या हजारो पॅकेजांवर चालवून पाहतात. फेडोरा या लिनक्स वितरणात ‘कोशेई’ हेच करतो: खालचं काही बदललं की वरचं पुन्हा बांधून बघतो.

बुऱ्हाणपुरात बसून मागवाल्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या दोघा-तिघांनाही हे परवडणारं आहे. गिऱ्हाइकाला द्यायचं ते गोठवलेल्या आवृत्त्यांवरच बांधावं, पण रात्री त्याचीच दुसरी बांधणी सगळ्या ताज्या आवृत्त्यांवर करावी. ती अधूनमधून मोडेल, ती असतेच त्यासाठी. मोडल्याचा मेल सकाळी कोण वाचणार, ते नाव मात्र आधी ठरवावं. सगळ्यांना गेलेला मेल कुणीच उघडत नाही.