तरोट्याचं बी आणि गोव्याची पूड

धानाच्या रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या बांध्यांमध्ये बायामाणसं दिवसभर ओल्या कपड्यांनी वाकलेली असतात. कमरेला, जांघेत गजकर्ण उठतं ते याच ओलीने. आणि त्याच पावसात धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला तरोटा माजतो. कोवळा असताना त्याची भाजी होते. पुढे वीतभर लांब, बारीक शेंगा धरतात. त्यातलं चकचकीत तपकिरी बी लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावायची रीत फार जुनी. संस्कृतात या झाडाचं नावच दद्रुघ्न. दद्रू म्हणजे गजकर्ण.

1975 साली आचार्य आणि चॅटर्जी या संशोधकांनी या बियांतलं बुरशी रोखणारं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव क्रायसोफॅनिक ॲसिड-9-अँथ्रोन. ट्रायकोफायटन आणि मायक्रोस्पोरम या गजकर्णाच्याच बुरश्या त्यापुढे वाढेनात. हे द्रव्य हवा लागली की पालटतं, म्हणून प्रयोगात त्यांनी सोबत क जीवनसत्त्व घातलं होतं. लिंबाच्या रसात तेच असतं! वाटणाऱ्या हातांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, तरी हा मेळ पाहून मी थक्क होतो.

याहून मोठं नवल पुढे आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर ‘गोवा पावडर’ विकली जाई. ती मुळात ब्राझीलची: अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातल्या भेगांत साठणारी पिवळी भुकटी, पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यात उतरलेली. तिच्यातल्या क्रायसॅरोबिनचा मुख्य घटक म्हणजे हेच अँथ्रोन. सातासमुद्रापलीकडून जे मागवलं जात होतं, ते आपल्या धुऱ्यावर तण म्हणून उपटलं जात होतं. 1916 मध्ये याच रेणूच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार झालं; सोरायसिसवर ते आजही वापरतात.

मात्र काचेच्या बशीत बुरशी थांबली म्हणजे माणूस बरा झाला असं नव्हे. हे अँथ्रोन कातडी भाजतं, डाग पाडतं, डोळ्यांत गेलं तर फार वाईट. बियांत ते किती आहे, हे वाटणाऱ्याला कळत नाही.

तरीही हा शोध पुढे न्यायला हवा, असं मला कळकळीने वाटतं. स्टेरॉइडची मलमं मनाने लावल्यामुळे देशभर गजकर्ण चिघळलं आहे. 2020 मध्ये नाव मिळालेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीचे अनेक वाण टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधालाही दाद देत नाहीत. इकडे तरोट्याचं बी पोत्यांनी विकलं जातं, ते डिंकासाठी.