पेनावर कोरलेल्या नावात रंग कसा भरावा?

लग्न, निवृत्ती किंवा परीक्षेतील यश अशा प्रसंगी नाव कोरलेले पेन भेट देतात. आता लेझर यंत्र मिनिटभरात नाव कोरते. वेगात त्याच्याशी बरोबरी करणे हातकारागिराला शक्य नाही. पण काळ्या पेनावर नुसती कोरलेली अक्षरे चार हातांवरून दिसत नाहीत. त्यांत सोनेरी किंवा पांढरा रंग भरला की ती उठून दिसतात. हे काम हाताचेच आहे.

पेन गिऱ्हाइकाचे असते, म्हणून आधी माल ओळखावा. खरादावर घडवलेली पेने बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, किंवा ॲक्रिलिकची असतात. ॲक्रिलिकला थिनर किंवा नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन लागले की चकाकी कायमची जाते. एकदा आमच्याच हातून असे झाले आणि मजुरीच्या कितीतरी पट किंमत भरून द्यावी लागली. ॲक्रिलिकवर पाण्यात मिसळणारा रंग वापरावा. एबोनाइटवर इनॅमल चालतो. मात्र ते गरम पाण्याने धुऊ नये, त्याचा काळा रंग विटतो.

पॉलिश कोरण्यापूर्वीच उरकावे. कोरल्यावर खाचेतील चुरा आणि तेलकटपणा मऊ ब्रशने, साबणाच्या कोमट पाण्याने काढून पेन पूर्ण वाळवावे. तेलकट खाचेत रंग धरत नाही, पापुद्रा होऊन निघतो. मग दात कोरण्याच्या काडीने रंग खाचेत दाबून भरावा. वरचा रंग अर्धवट सुकला की गुळगुळीत पुठ्ठ्यावर ताणलेल्या कापडाने हलके, आडवे पुसावे. बोटाने पुसल्यास कापड खाचेत शिरून रंग उपसते. खाच उथळ असेल तर रंग टिकत नाही. आधी ती खोल करावी.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो आणि रंगावर लगेच साय धरते. तेव्हा काम सकाळी करावे आणि एका वेळी दोन-तीनच अक्षरे भरावीत. पावसाळ्यात सुकायला जास्त वेळ द्यावा.

उर्दू नावात नुक्त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. बे, पे आणि ते यांचा आकार एकच, फरक नुक्त्यांचा. एक नुक्ता रिकामा राहिला तर नावच बदलते. म्हणून नुक्ते सुईच्या टोकाने शेवटी भरावेत आणि पेन देण्यापूर्वी नाव गिऱ्हाइकाकडून वाचून घ्यावे.

नवीन रंग आधी त्याच मालाच्या तुकड्यावर करून पाहावा. तुकडा वाया गेला तरी चालतो. गिऱ्हाइकाचा विश्वास गेला तर परत येत नाही.